आमच्या अज्जींचे कोल्हापूर प्रकल्पवहीत का मावत नाही?

पंचगंगाकाठची (धागाकर्ती)

माझी मुलगी सातवीत शिकते. गेल्या आठवड्यात तिला शाळेतून ‘माझी संस्कृती’ या विषयावर प्रकल्पवही करून आणायला सांगितले होते. दोन संध्याकाळी खपून तिने वही सजवली. पहिल्या पानावर अंबाबाईचे देऊळ, मग खासबागेतील कुस्ती, तुरेदार फेटा, चप्पल, कोल्हापुरी साज आणि शेवटच्या पानावर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या, असा सगळा ऐवज होता. वही पाहायला म्हणून तिने ती अज्जींपुढे, म्हणजे माझ्या सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून एकेक पान उलटले आणि शेवटी विचारले, “झ्याक झालंय, पण ह्यातलं आपल्या घरातलं काय हाय गं?”

आम्ही जैन आहोत. आमच्या स्वयंपाकघरात मटणाचा रस्सा तर सोडाच, चातुर्मासात कांदा-लसूणही येत नाही. अज्जींचे माहेर शिरोळ तालुक्यातले, शेतकऱ्याचे. त्या घरात आजही आपापसात कानडी बोलली जाते. सूर्य मावळायच्या आत जेवून घेण्याचा त्यांचा नेम मी सून म्हणून गेली सोळा वर्षे पाहते आहे. बाहेर त्या कोणाशीही अस्सल कोल्हापुरी मराठीत भांडू शकतात, पण देवापुढे बसल्यावर किंवा नातीला ताप आल्यावर त्यांच्या तोंडी कानडीच येते. ज्यांच्या चार पिढ्या याच जिल्ह्याच्या मातीत राबल्या, त्यांच्या वाट्याला वहीत अर्धे पानही येऊ नये, याचे मला वाईट वाटले. त्याहून वाईट याचे वाटले की मुलीला ते सुचलेच नव्हते. तिच्या दृष्टीने संस्कृती ही घराबाहेर, कमानीवर आणि पाटीवर असते.

मग मला माझेच आठवले. बारावीनंतर मी पुण्याला शिकायला गेले. खोलीतून बाहेर पडताना मी सवयीने “मी येतो गं” म्हणाले, तेव्हा खोलीतल्या तिघी पोट धरून हसल्या. आपल्याकडे मुली ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असेच म्हणतात, आई म्हणते, आजी म्हणायची, आणि त्यात काही वावगे आहे हे मला अठराव्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हते. दोन महिन्यांत मी ‘येते’ म्हणायला शिकले. दिवाळीला घरी आले तेव्हा आईने ते पहिल्याच वाक्यात पकडले आणि “पुण्याची झालीस की गं” एवढेच म्हणाली. ती हसत होती, पण मला ते आरोपासारखे लागले. आजही मी कार्यालयात ‘येते’ म्हणते आणि घरी ‘येतो’ म्हणते, आणि यांतले खरे माझे कोणते, हे मला सांगता येत नाही.

घराचे संस्कार, समाजाचे किंवा पेठेचे वळण आणि देश म्हणून शाळेत शिकवलेली मूल्ये, या तिन्हींतून आपली सांस्कृतिक ओळख घडते, असे आपण सहज म्हणून जातो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ही तीन जेव्हा एकमेकांच्या आड येतात, तेव्हा आपण काय ठेवले, काय टाकले, आणि तो निर्णय खरोखर आपण घेतला होता का? जाणकारांनी आपल्या घरचे उदाहरण देऊन लिहावे, ही विनंती.

राजारामचा जुना विद्यार्थी

ताई, आपल्या अज्जींचा प्रश्न या शहराने सव्वाशे वर्षांपूर्वी वसतिगृहांच्या रूपाने हाताळलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी प्रथम सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून पाहिले होते, पण तिथे बहुजन समाजातील मुलांचा टिकाव लागला नाही. म्हणून 1901 साली मराठा वसतिगृहापासून आरंभ करून त्यांनी जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाला स्वतंत्र वसतिगृह काढण्यास उत्तेजन दिले, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. ‘सर्वांसाठी’ म्हणून जे काही असते, ते पुष्कळदा आधीच ऐसपैस बसलेल्यांसाठी असते, हे महाराजांनी अनुभवाने ओळखले होते. आपल्या कन्येची वही मला त्या पहिल्या वसतिगृहासारखी वाटते. तिच्यात सर्व कोल्हापूर आहे, फक्त अज्जींना जागा नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. कुंभोजच्या जैन शेतकरी घरातला एक मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून मगच आत येण्यास सांगण्यात आले आणि त्याने ते साफ नाकारले. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. पुढे 1919 मध्ये त्यांनी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवू लागली. त्या वसतिगृहाला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचेच नाव देण्यात आले.

मला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट विलक्षण वाटते. ज्या समाजाने भाऊरावांना शिकण्यासाठी छप्पर दिले, त्याच समाजाच्या नियमाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी समाजही टाकला नाही आणि नियमही मानला नाही. एका आंघोळीपुरता नकार दिला, आणि त्या नकारावर पुढचे आयुष्य उभे केले. संस्कार आपल्याला घडवतात हे खरे, परंतु माणसाची ओळख मला तरी अशा ठिकाणी दिसते, जिथे तो आपल्याच माणसांपुढे उंबऱ्यावर अडून उभा राहतो.

राष्ट्रीय मूल्यांविषयी थोडेसे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा मी तीस वर्षे मुलांकडून म्हणून घेतली. तिच्यात परंपरांचा अभिमान आहे म्हटल्यावर लगेच ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन’ असे येते. परंपरा जन्माने मिळाली तरी पात्रता कमवावी लागते, असा त्याचा अर्थ मी मुलांना सांगत असे. ही प्रतिज्ञा मुळात 1962 साली तेलुगूत लिहिली गेली, हे सांगितले की वर्ग क्षणभर गप्प होई. आपण ती जन्मापासून मराठीच समजत आलो होतो ना!

कापशीकर

सरांविषयी पूर्ण आदर राखून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. धागाकर्तीच्या घरातले काहीच वहीत आले नाही. आमच्या घरातले आले आहे, पूर्ण एक पान आले आहे, आणि तरीही आम्ही त्यात नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या चप्पल करतात. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, रापीने कापलेला तळ, आरीने भोक पाडून चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, एकही खिळा नाही, हे सगळे मी शाळेत जाण्याआधी शिकलो. वडील नवा जोड झाला की तो कानाजवळ धरून वाकवायचे. करकर मनासारखी वाजली नाही तर तो जोड बाजूला पडायचा. आमचे घर गावात कुठे आहे हे मात्र कोणाला विचारावे लागत नसे, कारण आमची वस्ती वेगळी होती आणि तिचे नावच जातीवरून होते. अभियांत्रिकीला कोल्हापुरात आलो तेव्हा वडील काय करतात या प्रश्नाला मी चार वर्षे ‘छोटा व्यवसाय’ असे उत्तर दिले. आता त्याच वर्गमित्रांचे लग्नसराईत फोन येतात, की तुझ्या ओळखीचा कोणी खरा कारागीर आहे का, अस्सल जोड पाहिजे.

2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापूरचे नावही न घेता मिरवल्या गेल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला. मीही खवळलो. पण रात्री जेवताना वडील म्हणाले, “त्यांनी नाव घेतलं नाही म्हणून एवढं? आमचं तरी कुठं कोण घेतंय?” त्यावर मला उत्तर सुचले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की संस्कृतीच्या नावाखाली वस्तूला मान देणे सोपे असते. घराने मला हातातले कसब दिले, गावाने त्याची लाज दिली, आणि संविधानाने ती लाज झुगारण्याची भाषा दिली. मी तिन्ही बाळगून आहे. यांतले एक काढून टाकले तर मी जो आहे तो उरणार नाही, लाजसुद्धा.

पेठेतला

कापशीकर दादा, आपला प्रतिसाद दोनदा वाचला.

पेठेच्या वतीने थोडे लिहितो, कारण वहीतली निम्मी चित्रे आमच्याच अंगणातली आहेत. बाहेरच्यांना तालीम म्हणजे फक्त हौदा आणि जोर-बैठका वाटतात. आम्हाला ती याहून मोठी आहे. फुटबॉलचा संघ तालमीचा, गणपती तालमीचा, आणि कोणाच्या घरी रात्री दोनला मयत झाली तर तिरडी बांधायला उठणारी पोरेही तालमीचीच. माझ्या वडिलांनी मला देवधर्माचे फारसे शिकवले नाही, पण मातीला पाया पडल्याशिवाय हौद्यात उतरायचे नाही आणि पाडलेल्याला हात देऊन उठवल्याशिवाय बाहेर यायचे नाही, हे दोन नियम त्यांनी मारून शिकवले.

आमच्या पेठेत मोहरमचे पंजे बसतात, त्यांच्यापुढे हिंदू घरांतून चोंगे आणि मलिदा जातो. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. 2018 ते 2020 अशी सलग तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा एकाच मांडवात पीर आणि गणपती बसवण्यात आमच्या म्हाताऱ्यांना काहीही नवे वाटले नाही. यापूर्वी असा योग आला तेव्हाही त्यांनी तेच केले होते.

परंतु खोटे का लिहू? 2023 च्या जूनमध्ये याच शहरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दंगल झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. त्या दिवसांत मी तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांना मांडवाची गोष्ट सांगत होतो आणि पोरे ऐकत होती, पण त्यांची नजर हातातल्या मोबाइलवर होती. पेठेचे वळण आपोआप पुढच्या पिढीत उतरते, हा माझा समज त्या आठवड्यात गेला. तेव्हापासून आम्ही मोहरमच्या आधी पंजे उजळायला मुद्दाम लहान पोरांना बसवतो. चिंच घेऊन तासभर घासले की प्रश्न विचारायला लागतात.

निपाणीकर

थोडक्यात लिहितो. आम्ही नदीच्या या बाजूला आहोत म्हणून 1956 च्या राज्यपुनर्रचनेत कर्नाटकात गेलो. माझे रेशनकार्ड कानडीत, लग्नपत्रिका मराठीत आणि बँकेचा अर्ज इंग्रजीत आहे. देशाशी आमचे कधीच भांडण नव्हते, ते राज्याशी आहे, आणि बाहेरच्यांना हा फरक समजावता समजावता वडिलांचे आयुष्य गेले. धागाकर्तीच्या अज्जी कानडी बोलणाऱ्या कोल्हापूरकर आणि मी मराठी बोलणारा कर्नाटकी. कधी भेट झाली तर आम्हा दोघांना एकमेकांना काहीही समजावून सांगावे लागणार नाही, असे मला वाटते.

संगमावरची

मी शिरोळ तालुक्यातली आहे, म्हणून अज्जींच्या माहेरचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. आमच्या तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे गावात बंद करावे, असा तो ठराव होता. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो आठवडा. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हा आदर्श घेण्यास सांगितले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे संविधानाने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे, हेही मला तेव्हाच नीट समजले.

त्याच पावसाळ्यात माझे वडील गेले. आमचे गाव हेरवाड नव्हे, पण ठरावाची बातमी घराघरांत पोहोचली होती. तिसऱ्या दिवशी आत्या आईचा हात धरून नदीकडे निघाल्या तेव्हा माझा भाऊ आडवा उभा राहिला आणि म्हणाला की आमच्या घरात हे होणार नाही. मोठा वाद झाला. आत्या रडल्या, म्हणाल्या की माझ्या भावाचे एवढेही करू देणार नाही का. शेवटी त्या माघारी फिरल्या. आम्हा भावंडांना आपण जिंकलो असे वाटले.

रात्री आई न्हाणीघरात गेली आणि बांगड्या स्वतःच काढून आली. फोडल्या नाहीत, साबण लावून एकेक उतरवल्या आणि कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या. मी विचारले तेव्हा म्हणाली, “तुमचं पटलं मला. पण हात मोकळा ठेवला तरच तुझे बाबा गेले असं मला वाटतंय.” कुंकू मात्र तिने पुसले नाही, आजही लावते, आणि गावातल्या दोन बायका तिचे पाहून लावू लागल्या आहेत.

सरांनी उंबऱ्यावर अडून उभे राहण्याविषयी लिहिले आहे. मला विचारायचे आहे की इथे उंबऱ्यावर कोण उभे होते? भाऊ, आत्या, की न्हाणीघरातली आई? ठरावाशिवाय भावाला धीर झाला नसता हे मी मान्य करते. पण त्याने आईला न विचारता आईच्या वतीने नकार दिला होता, आणि आत्याही आईला न विचारताच हात धरून निघाल्या होत्या. आईने दोघांचेही थोडे थोडे ऐकले आणि बाकीचे आपले केले.

राजारामचा जुना विद्यार्थी

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. माझे वाक्य मी मागे घेत नाही, पण त्यातला ‘अडून’ हा शब्द मागे घेतो. अडून न राहताही माणूस आपली जागा धरून ठेवू शकतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मूल्ये आपोआप उतरत नाहीत, हा पेठेतल्यांचा मुद्दा मात्र उचलून धरावा असा आहे. 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. मायदेश नकाशावर राहील की नाही याची शाश्वती नव्हती, तेव्हा त्या माणसांनी छावणीत पोलिश शाळा चालवल्या, चर्च उभारले, स्काउटची पथके काढली. मुले पंचगंगेत पोहायला शिकली आणि वर्गात त्यांनी पोलंडचा भूगोल पाठ केला. ती मुले पुढे जगभर पांगली, आणि त्यांतली काही वृद्धपणी वळिवडे पाहायला परत आली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. येता-जाता आपण तो पाहतो आणि वाचत नाही. त्यांच्यामागून त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि तिचे गांधीनगर झाले. लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथे जातो, तेव्हा गल्ल्यावरचे आजोबा आपल्याशी मराठीत आणि मुलाशी सिंधीत बोलतात. ताई, आपल्या अज्जींसारखेच.

पंचगंगाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. कापशीकर दादांचा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. तिने चपलेचे पान उघडले, बराच वेळ पाहिले, आणि चित्राखाली ‘बाभळीची साल, हिरडा, रापी, आरी, वादी’ असे शब्द लिहिले. कारागिराचे नाव लिहायचे होते, पण दुकानातून आणलेल्या जोडावर ते कुठेच नव्हते, म्हणून तिने तिथे एक रिकामी ओळ आखून ठेवली आहे.

अज्जींसाठी शेवटी एक नवे पान जोडले. त्यावर कानडीत एक वाक्य अज्जींच्या हाताने लिहून घ्यावे, अशी तिची कल्पना होती. तेव्हा कळले की अज्जींना कानडी लिहिता येत नाही. त्या चौथीपर्यंत शिकल्या ते मराठी शाळेत. आयुष्यभर कानडीत देवाला आळवणाऱ्या माझ्या सासूबाईंना ते शब्द कागदावर कसे दिसतात हे ठाऊक नाही, आणि सोळा वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलेही नव्हते. मग त्यांनी सांगितले आणि मुलीने देवनागरीत लिहिले: ‘ऊट आयता?’ त्याखाली कंसात अर्थ, ‘जेवलीस का?’ वर मावळत्या सूर्याचे चित्र काढले आहे, कारण अज्जी हा प्रश्न त्याच वेळेला विचारतात. मी पुन्हा ‘संस्कृती’ या शब्दाचा अर्थ सांगायला बसले, तर दोघींनी मला गप्प केले.

एक शंका तिने मलाही विचारली. पानाखाली ‘हे मी लिहिते’ म्हणू की ‘लिहितो’? मी म्हटले, तुझ्या मनाने ठरव. तिने वहीत ‘लिहिते’ लिहिले, वही दप्तरात घातली, आणि सायकल काढताना दारातून ओरडली, “अज्जी, येतो गं!”